इंधन जळतं तेव्हा नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला, मग बेकऱ्यांच्या भट्ट्यांची बातमी आली, मग ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून गलका झाला. दर वेळी लिफ्टमध्ये, जिन्यात आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरून फिरून तेच प्रश्न आले. ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर बाकी सोडा, गॅस गीझरचा प्रश्न तेवढा वाचा.

जळणं म्हणजे नेमकं काय?

इंधनातल्या कार्बन आणि हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग होतो आणि उष्णता व उजेड बाहेर पडतो, ते ज्वलन. लोखंड गंजतं तेव्हाही ऑक्सिजनशीच संयोग होत असतो, पण तो इतका सावकाश की ऊब जाणवत नाही. जळायला इंधन हवं, ऑक्सिजन हवा आणि पेट घेण्याइतकं तापमान हवं. एकदा पेटलं की निघालेली उष्णताच पुढच्या इंधनाला पेटवत राहते, म्हणून लायटर एकदाच मारावा लागतो.

लाकूड, मेण, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीच जसंच्या तसं जळत नाही, हे मात्र बऱ्याच जणांना पटत नाही. आधी त्यांची वाफ किंवा वायू होतो आणि जळतो तो वायू. खात्री करून घ्यायची असेल तर मेणबत्ती फुंकून विझवा. वातीवरून पांढरट धूर सरळ वर जाईल. वातीला न शिवता, बोटभर वरून त्या धुरालाच पेटती काडी लावा. ज्योत धुरातून सुर्रकन खाली उतरते आणि मेणबत्ती परत पेटते. तो धूर म्हणजे न जळालेलं मेणच. पुढे भट्ट्यांपर्यंत आणि सायलेन्सरपर्यंत जाऊ तेव्हा ही ज्योत आठवणीत असू द्या.

पूर्ण ज्वलन झालं तर काय तयार होतं?

कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. इंधन फक्त कार्बन-हायड्रोजनचं असेल तर तिसरं काही नाही.

पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. त्याचा एक रेणू ऑक्सिजनचे दोन रेणू घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचा एक व पाण्याचे दोन रेणू देतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच लागतात आणि तयार होतात कार्बन डायऑक्साइडचे तीन, पाण्याचे चार. ब्युटेनची भूक आणखी मोठी, त्याच्या दोन रेणूंना तेरा लागतात.

रेणूंनी कंटाळा येत असेल तर किलोत बघू. घरच्या लाल सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो पूर्ण जळेपर्यंत हवेतला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन ओढतो. त्यातून होतो सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ ते २३ किलो पाणी. बेरीज करून पाहा, दोन्ही बाजू जुळतात. म्हणजे एक सिलिंडर संपला की स्वयंपाकघरात बादलीभर पाणी वाफेच्या रूपात सोडलं गेलेलं असतं. "गॅस संपला" असं आपण म्हणतो खरं, पण वजनाच्या हिशेबात काहीच संपलेलं नसतं. साडेचारपट होऊन खिडकीबाहेर गेलेलं असतं.

थंड पाण्याचा टोप गॅसवर ठेवला की बुडाला पाण्याचे थेंब येतात. टोप गळतोय का?

नाही. हेच ते ज्वलनाचं पाणी. फिल्टरचं गार पाणी स्टीलच्या टोपात घेऊन मंद आचेवर ठेवा आणि वाकून बघा. पहिल्या मिनिटभरात बूड धुरकट होतं, मग बारीक थेंब धरतात, एखादा बर्नरवर पडून चर्र करतो. बूड तापलं की सगळं गायब. टोपाचं बाहेरचं अंग कोरडं असताना करून पाहिलंत तर शंका उरणार नाही.

मग राख कशाची?

लाकडातल्या खनिजांची: कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. ती जळतच नाहीत, म्हणून मागे राहतात. गॅसमध्ये ती नसतात, म्हणून गॅसला राख नाही.

गॅसची ज्योत निळी आणि समईची पिवळी, असं का?

पिवळा उजेड येतो तो तापून लालपिवळ्या झालेल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा, म्हणजे काजळीचा. समईच्या वातीवर तेलाची वाफ होते, पण हवा तिला फक्त बाहेरून मिळते. ज्योतीच्या पोटात हवा पोचत नाही, उष्णता मात्र पोचते. तिथे तेलाचे रेणू मोडून कार्बनचे कण होतात, ते चमकतात आणि ज्योतीच्या कडेला पोचल्यावर बहुतेक जळून जातात. ज्योतीत पितळी पळी धरली तर जळायच्या आधीच कण तिच्यावर बसतात. घरोघरी काजळ धरलं जायचं ते असंच.

शेगडीत हवा आधीच गॅसमध्ये मिसळून येते. प्रत्येक रेणूच्या शेजारी ऑक्सिजन हजर असल्यामुळे काजळी धरायला वेळच मिळत नाही, आणि निळा रंग दिसतो तो ज्योतीत क्षणभर तयार होणाऱ्या कार्बनच्या तुटक्या रेणूंचा.

म्हणजे रंग इंधनावर ठरत नाही, हवा कशी मिळते यावर ठरतो. ज्यांनी चाळीत रॉकेलचा दिवा आणि स्टोव्ह दोन्ही पाहिलेत त्यांना हे सांगायची गरज नाही. वातीच्या साध्या दिव्यात रॉकेल पिवळं जळतं आणि काच काळी करतं. तेच रॉकेल पंपाच्या स्टोव्हमध्ये घातलं, पिन मारली, हवा भरली की निळी ज्योत फरफरत येते. तिथे रॉकेलची आधी वाफ होते, ती बारीक भोकातून जोरात सुटते आणि जाता जाता हवा ओढून घेते.

कापराची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या रेणूत कार्बनच्या मानाने हायड्रोजन कमी, म्हणून तो उघड्या हवेतही काळा धूर सोडतो. आरतीच्या ताटावरचा काळा डाग त्याचाच.

आमच्या शेगडीची ज्योत पिवळी पडली आहे आणि टोप काळे होताहेत. काय करायचं?

टोप काळा होतोय म्हणजे पैसे दिलेलं इंधन बुडाला चिकटतंय, आणि जिथे काजळी तिथे थोडा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही असतो. तेव्हा चालढकल करू नका.

सगळ्यात आधी बर्नरचं झाकण उचला. नव्वद टक्के वेळा उतू गेलेल्या भाताची पेज किंवा दूध भोकांत वाळलेलं असतं. (नव्वद हा माझा अंदाज, शास्त्र नाही.) बर्नर गार झाल्यावर कोमट पाण्यात व्हिनेगर किंवा चिंच घालून तासभर बुडवा, सुईने भोकं मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बर्नर फडफडतो. झाकण खाचेत नीट बसलंय का हेही बघा, तिरकं बसलं की एका बाजूने पिवळं येतंच.

तरी फरक नाही पडला तर शेगडीच्या पोटातली नळी बघावी लागते. जेटसमोर, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकाच्या तोटीसमोर, त्या नळीला हवा आत घ्यायची फट असते. तिथे कोळ्याचं जाळं, धूळ किंवा मुंबईत झुरळ असणं अजिबात नवलाचं नाही. हे काम मेकॅनिककडून करून घ्या. जेटमध्ये स्वतः सुई खुपसू नका, भोक मोठं झालं तर पिवळेपणा कायमचा होईल.

सिलिंडर संपत आला की ज्योत थोडी पिवळसर होते, कारण हलका प्रोपेन आधी उडून जातो आणि जड भाग शेवटी राहतो. आणि मीठ उडून मधूनच केशरी ठिणगी चमकली तर तो सोडियमचा रंग, त्यात काही बिघाड नाही.

पाइपचा गॅस आल्यावर शेगडीचे जेट का बदलतात?

एक घनमीटर सिलिंडरचा गॅस एक घनमीटर मिथेनच्या जवळपास तिप्पट उष्णता देतो. त्यामुळे सिलिंडरच्या शेगडीचं बारीक भोक पाइपच्या गॅसला पुरत नाही, ज्योत मरतुकडी येते. फिटर मोठ्या भोकाचे जेट बसवतो.

खरी भीती उलट्या बाजूची आहे. पाइपच्या गॅसची शेगडी कोणी गावी नेली आणि जेट न बदलता सिलिंडरला जोडली, तर मोठ्या भोकातून तिप्पट ताकदीचा गॅस येणार. मिथेनला त्याच्या साडेनऊपट हवा लागते, सिलिंडरच्या गॅसला पंचवीस ते तीसपट. एवढी हवा त्या शेगडीच्या फटीतून येऊच शकत नाही. मग हातभर उंच पिवळी ज्योत, काजळी आणि त्या काजळीबरोबर न दिसणारा विषारी वायू.

पाइपच्या गॅसला आच कमी असते, हे खरं का?

जेट बरोबर असेल तर नाही. दोन्हींची ज्योत पूर्ण ज्वलनात १,९०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते. पुरणपोळी दोन्हींवर करपते.

गॅस गळला तर दोन्हींत फरक काय?

मोठा फरक आहे. मिथेन हवेपेक्षा हलका, हवेच्या साधारण निम्म्या घनतेचा. तो वर छताकडे जातो, वरची खिडकी किंवा झडप उघडी असेल तर निघून जातो. सिलिंडरचा गॅस हवेच्या दीड ते दुप्पट जड. तो लादीवर पसरतो, ओट्याखाली, मोरीत, जिन्याच्या खालच्या बाजूला साचतो.

पेटायला लागणारं प्रमाणही वेगळं. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतो. सिलिंडरचा गॅस साधारण २ टक्क्यांपासूनच पेटू शकतो.

वास आला तर वीजेचं कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह आवरा, ठिणगी बटणातच पडते. रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६, आग असेल तर १०१. पाइपच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो आजच दारामागे चिकटवा.

गॅसला तो घाणेरडा वास कशाचा?

मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या गंधकाच्या संयुगाचा. मूळ गॅसला वास नसतो.

बाथरूममध्ये गॅस गीझर लावला तर चालतो का? शेजाऱ्यांकडे दहा वर्षं आहे.

बाथरूमच्या आत नको. शेजाऱ्यांकडे कितीही वर्षं असो.

गणित करून बघू. मुंबईचं नेहमीचं बाथरूम: चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. त्यात मावते साडेपाच घनमीटरच्या आत-बाहेर हवा. शेगडीचा मोठा बर्नर दोन-तीन किलोवॅटचा असतो, गॅस गीझर दहा-बारा किलोवॅटचा. त्याला पूर्ण ज्वलनासाठी तासाला साधारण १० ते १२ घनमीटर हवा लागते. दार लावून, डास येतात म्हणून खिडकीला प्लास्टिक ठोकून पंधरा मिनिटं आंघोळ केली तर त्या खोलीतल्या निम्म्या हवेला पुरेल इतका ऑक्सिजन त्याने मागितलेला असतो. तेवढा त्याला मिळत नाही. त्याच्या कितीतरी आधी ज्योत बिघडते.

बिघडते म्हणजे काय? कार्बनला दोन ऑक्सिजन अणू मिळण्याऐवजी एकच मिळतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. मर्कॅप्टनचा वासही येणार नाही, कारण तो गॅसबरोबर जळून गेलेला असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरून बसतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. गरम पाण्याने चक्कर आली असेल असं वाटतं आणि माणूस बसून घेतो. नंतर कडी उघडायचीही शुद्ध राहत नाही. बाहेरच्यांना वाटतं, अजून आंघोळच चालू आहे.

गीझर बाहेर लावा, जिथे वारा खेळता आहे अशा जागी, धुराडं भिंतीपार काढून, आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा. जागाच नसेल तर वीजेचा गीझर घ्या. बिल जास्त येईल, येऊ दे.

कोणी बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडकी सताड उघडा, गीझर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि हॉस्पिटलात पोचल्यावर "गॅस गीझर होता" हे स्पष्ट सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवं असतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हे त्याला ओळखता येत नाही आणि आकडा छान दाखवतो.

कोळशाच्या शेगडीला तर धूरच नसतो. मग ती बंद खोलीत का नको?

धूर नाही म्हणूनच. लाकडातून धूर होणारा भाग काढून टाकला की कोळसा उरतो. तो जवळपास निव्वळ कार्बन असतो आणि घन अवस्थेतच, पृष्ठभागावर जळतो. निखाऱ्यांच्या थराच्या तळाशी हवा असते, तिथे कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर चढताना लाल निखाऱ्यांतून जातो, आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा मोनॉक्साइड होतो.

पावसाळ्यात चौपाटीवर भुट्टेवाल्यासमोर उभे राहिलात तर कणसावरून नजर काढून निखाऱ्यांकडे बघा. तो पुठ्ठ्याने वारा घालतो तेव्हा निखाऱ्यांवर निळसर, जवळजवळ न दिसणाऱ्या जिभा नाचतात. तो वर आलेला कार्बन मोनॉक्साइड, हवा मिळाल्यावर जळताना. समुद्रावरच्या वाऱ्यात त्याने कोणाचं काही बिघडत नाही. तीच शेगडी थंडीच्या रात्री बंद खोलीत ठेवून झोपलात तर त्या जिभा विझलेल्या असतात आणि वायू तुमच्या वाट्याला येतो.

बेकरीच्या लाकडी भट्ट्यांवर एवढा आक्षेप का? पाव तर पिढ्यान्‌पिढ्या तसाच भाजतात.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर न्यावेत असं सांगितलं, तेव्हापासून हा प्रश्न रोज येतो.

लाकूड वाईट इंधन नाही, पण पूर्ण जाळायला अवघड आहे. सुक्या लाकडाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो. तो वायू तिथल्या तिथे, पुरेशा गरम जागी, पुरेशा हवेत जळला तर ठीक. भट्टी पेटवताना विटा गार असतात आणि एकदम भरपूर लाकूड कोंबलेलं असतं. वायू जळायच्या आत धुराड्यात जातो. मेणबत्तीचा धूर आठवा. पहाटे बेकरीच्या गल्लीत जो पांढरा लोट दिसतो त्यात पेटू शकणारं इंधनच वर जात असतं, आणि त्याचे सूक्ष्म कण वरच्या मजल्यांवरच्या घरांत उतरतात.

त्यात लाकूड कुठलं, हा मुद्दा आहे. भंगारातल्या दारं-खिडक्या आणि मोडकं फर्निचर स्वस्त पडतं. त्यावर रंग असतो, पॉलिश असतं, प्लायवूडमध्ये गोंद असतो. त्यातून काय निघेल याचं उत्तर "कार्बन डायऑक्साइड आणि पाणी" इतकं सोपं राहत नाही.

लाकूड ओलं असेल तर आणखी बिघडतं. पाणी उकळवण्यात उष्णता जाते, तापमान उतरतं, वायू पेटतच नाहीत. पावसाळ्यात धूर जास्त दिसतो तो यामुळेच.

आणि चवीचं म्हणाल, तर पावाला चव मला तरी विटांच्या धगीची वाटते. अनेक भट्ट्यांत आग खाली बसल्यावरच लाद्या आत जातात. विटा गॅसनेही तापतात. पण बेकरीवाल्याचा खर्चाचा प्रश्न खरा आहे: भट्टी बदलायला लाखांत पैसे लागतात आणि पाव विकला जातो रुपयांत. ते रसायनशास्त्राने सुटणार नाही.

पेट्रोल झटकन पेटतं, डिझेल तसं का नाही?

द्रव जळत नाही, वाफ जळते. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही तयार होते, म्हणजे मुंबईत ती कायमच हजर. डिझेलला किमान ३५ अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून पेट्रोल पंपावर फोन बाजूला ठेवा म्हणतात, आणि म्हणूनच कपड्यांवरचे डाग पेट्रोलने काढणं हा वेडेपणा आहे.

सीएनजीच्या टॅक्सीतून काहीच प्रदूषण होत नाही ना?

कमी होतं, शून्य नाही. न्यायालयाच्या आदेशांनंतर २००० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर, म्हणजे दाबून भरलेल्या मिथेनवर आल्या. डिकी सिलिंडरला गेली आणि बॅगा टपावर आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली तोवर हे दृश्य सवयीचं झालं होतं. मिथेन आधीच वायू असल्यामुळे हवेशी चांगला मिसळतो आणि त्याच्या रेणूत एकच कार्बन असतो, त्यामुळे काजळी जवळपास होत नाही. जुन्या डिझेल टॅक्सीच्या मागे उभं राहिलेल्या कोणालाही हा फरक छातीने कळला आहे.

पण कार्बन डायऑक्साइड होणारच. तेवढ्याच उष्णतेसाठी पेट्रोलपेक्षा सुमारे २० टक्के कमी, इतकंच. शिवाय न जळता सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, म्हणून गळकी नळी ही फक्त पैशांची नासाडी नव्हे.

म्हणजे पूर्ण ज्वलन झालं तरी हवा खराब होते?

होय, दोन कारणांनी. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निवांत असतो, पण इंजिनातल्या किंवा भट्टीतल्या फार मोठ्या तापमानाला तोही ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड होतात. गंमत अशी की ज्वलन जितकं गरम आणि चोख, तितकी ही जास्त. गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावतात तो याची आणि उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडची विल्हेवाट लावायला.

दुसरं गंधक. इंधनात असलं की जळून सल्फर डायऑक्साइड होतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाच्या) इंधनात गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आणलं, त्याआधी ५० होतं. दगडी कोळशात आणि जहाजांच्या जड तेलात ते बरंच जास्त असतं.

सिग्नलला पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमधून पाणी टपकत होतं. बिघाड?

नाही. पेट्रोल जळून झालेल्या वाफेचं थंड नळीत पाणी झालं. इंजिन तापलं की थांबतं. सतत दाट पांढरा धूर येत राहिला तर मात्र गॅरेज गाठा.

ई-२० पेट्रोलमध्ये अॅव्हरेज कमी का पडतं?

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच बसलेला असतो, वजनाच्या जवळपास ३५ टक्के. म्हणजे ते अर्धवट जळालेलं इंधनच म्हणा. किलोमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे ४० टक्के कमी. वीस टक्के मिसळलं की एकूण उष्णता सहा-सात टक्क्यांनी उतरते. तोच ऑक्सिजन ज्वलनाला मदतही करतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. तयार होतं तेच: कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

हायड्रोजन जाळला तर फक्त पाणीच?

हायड्रोजनचं तेवढंच. हवेत जाळला तर नायट्रोजनची ऑक्साइड त्यालाही चुकत नाहीत.

पूर्वी मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे होते म्हणतात. तो गॅस कुठून यायचा?

दगडी कोळशातून. १८६५ साली शहरात गॅसचे दिवे लागले, तेव्हा अरबी समुद्रातला गॅस कोणाच्या स्वप्नातही नव्हता. कोळसा बंद भांड्यात, हवा न लावता तापवायचा. जो वायू निघतो त्यात निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, शिवाय मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे तो गॅस न जळता नुसता गळला तरी विषारी होता. आजचा पाइपचा गॅस तसा विषारी नाही. बॉम्बे हायमध्ये १९७४ साली तेल सापडलं, समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर, आणि तिथला वायू उरणला आणला गेला. आता त्याच्या जोडीला जहाजाने आलेला, थंड करून द्रव केलेला गॅसही असतो.

ऑक्सिजनशिवाय काही जळू शकतं का?

हवेतल्या ऑक्सिजनशिवाय, हो. फटाक्याच्या दारूत सोरा असतो, तो स्वतःच ऑक्सिजन पुरवतो. म्हणून अॅटमबॉम्ब मातीत पुरला तरी फुटतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठी धुमसत होत्या आणि जवळच सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कापूस हवेवर जळत होता, दारूगोळ्याला हवेची गरजच नव्हती, आणि त्याचा स्फोट झाला. त्या दिवशी गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात.

मुंबईतल्या देवनारच्या कचराडेपोचा प्रकार याच्या उलट. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा ढिगाच्या पोटात हवा थोडीच होती, पण कचरा कुजून झालेला मिथेन भरपूर. थोडक्या हवेत कचरा ज्योतीशिवाय नुसता धुमसतो, तापमान कमी राहतं आणि जवळपास सगळंच अर्धवट जळतं. म्हणून ज्वाळा कमी आणि धूर दिवसेंदिवस. तो उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी का ओतायचं नाही?

पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं. तेल तेव्हा तीनशे अंशांच्या वर असतं. पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते, सुमारे १,७०० पट फुगते आणि वरचं पेटतं तेल तुषार करून छतापर्यंत उडवते. तुषार झाले की प्रत्येक थेंबाला चारी बाजूंनी हवा मिळते. पंपाच्या स्टोव्हमध्ये रॉकेलचं जे होतं तेच इथे तुमच्या तोंडासमोर होतं.

गॅस बंद करा. कढईवर तिच्यापेक्षा मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत ठेवा, वरून आपटू नका. कढई उचलून मोरीकडे नेऊ नका. आणि विझली का बघायला झाकण लगेच उचलू नका: तेल अजून पेट घेण्याइतकं गरम असतं, हवा मिळाली की परत भडकतं. अर्धा तास तरी तसंच राहू द्या, बटाटेवडे नंतर होतील.